ऱ्हाईन नदी आणि तिचा गाळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असा आपल्याकडे जुना संकेत आहे. ऋषींच्या बाबतींत तो पाळण्यास आमची हरकत नाहीं. नदीच्या बाबतींत मात्र तो पाळून भागत नाहीं, हें ज्यास पदरचे पैसे मोजून शिकावें लागलें अशा एका नगराची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों. तें नगर म्हणजे हॉलंडांतील रॉटरडॅम बंदर, आणि नदी म्हणजे ऱ्हाईन. स्वित्झर्लंडच्या हिमपर्वतांत उगम पावून, कांहीं अंतर जर्मनी व फ्रान्स यांच्या सीमेवरून आणि मग जर्मनीच्या मुलखांतून, सुमारें १,२३० किलोमीटर वाहत येऊन ती हॉलंडच्या किनाऱ्यावर उत्तर समुद्रास मिळते. तिच्या कांठीं ज्यानें जें सांडलें, ओतलें किंवा गुपचूप टाकलें, त्याचा शेवटचा वारस हें बंदर होय.

ऱ्हाईनची शुद्धि झाली ती १९८६ सालच्या एका आगीमुळें, असें या विषयावरील बहुतेक लेखांत वाचावयास मिळतें. हें म्हणणें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. आगीनें लोक जागे झाले हें खरें. परंतु जागें होऊन काय करावयाचें, कोणाकडे बोट दाखवावयाचें आणि किती मागावयाचें, याचा हिशेब आगीच्या आधींच मांडावयास सुरुवात झाली होती. हा हिशेब नदीच्या तळाशीं गाळांत लिहिलेला होता. तो वाचणारे लोक प्रवाहाच्या अगदीं खालच्या टोकाचे होते, ही गोष्ट आमच्या मतें या इतिहासांत सर्वांत महत्त्वाची आहे.

प्रथम नदीची पूर्वपीठिका पाहूं. अठराव्या शतकाच्या अखेरीस बाझल शहराच्या खालची ऱ्हाईन ही एक नदी नसून अनेक प्रवाहांचा गुंता होता. मध्यें बेटें, बाजूस दलदली, आणि दर मोठ्या पुरानंतर पात्र नव्या ठिकाणीं. पुरानें गांवें उठत, व पूर ओसरल्यावर डबक्यांतून हिंवताप उठे. बाडेन संस्थानचा इंजिनियर योहान गॉटफ्रीड टुल्ला यानें ही वळणें कापून नदी एका पात्रांत बांधण्याची योजना आंखली. काम १८१७ सालीं सुरू झालें. टुल्ला १८२८ सालीं पॅरिस येथें वारला, तरी तें पुढें चालूच राहून १८७६ सालीं पुरें झालें. बाझल आणि वर्म्स यांमधील नदी त्यामुळें सुमारें ८१ किलोमीटरांनीं आंखूड झाली.

टुल्लाच्या नांवानें आजचे नदीशास्त्रज्ञ बोटें मोडतात, तें आम्हांस अन्यायाचें वाटतें. ज्याच्या घरांत वरचेवर पाणी शिरतें आणि ज्याचीं मुलें थंडीतापानें जातात, त्यास वळणावळणाच्या नदीचें सौंदर्य सांगून काय उपयोग? पण त्याच्या कामाचा परिणाम त्याच्या हेतूपेक्षां लांब गेला हें मान्य केलें पाहिजे. सरळ केलेलें पाणी वेगानें वाहूं लागलें. वेगानें त्यानें आपलाच तळ खोल खणला. तळ खोल गेला तशी कांठच्या विहिरींची पाण्याची पातळी उतरली. आणि ज्या उथळ, गोट्यांच्या पात्रांत मासे अंडीं घालीत तें पात्रच उरलें नाहीं.

युरोपांतील मुत्सद्द्यांनीं या नदीकडे कोणत्या क्रमानें लक्ष दिलें तेंही पाहण्यासारखें आहे. व्हिएन्नाच्या परिषदेनें १८१५ सालीं ऱ्हाईनसाठीं एक आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापण्याचें ठरविलें, तें नौकानयनासाठीं. १८८५ सालीं जर्मनी, हॉलंड व स्वित्झर्लंड यांच्यांत करार झाला, तो सॅमन माशाच्या मासेमारीविषयीं. नदीच्या पाण्याचा विचार करणारें मंडळ निघावयास १९५० साल उजाडावें लागलें. नावेची काळजी प्रथम, माशाची त्यानंतर सत्तर वर्षांनीं, आणि ज्या पाण्यावर नाव तरंगते व मासा जगतो त्याची काळजी एकशें पस्तीस वर्षांनीं!

सॅमन हा आपल्याकडील हिलशाच्या वळणाचा मासा. फरक इतकाच कीं तो नदीच्या थेट वरच्या झऱ्यांत जन्मतो, समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्यास पुन्हां जन्मस्थानाकडे चढून येतो. १८८५ च्या सुमारास ऱ्हाईनमध्यें वर्षाला सुमारें २,५०,००० सॅमन धरले जात. हा मासा इतका स्वस्त होता कीं आठवड्यांतून ठराविक दिवसांहून अधिक वेळां तो जेवणांत वाढूं नये, अशी अट घरगडी नोकरी धरतांना घालीत, अशी कथा ऱ्हाईनकांठच्या गांवोगांवीं सांगतात. कथा मोठी गोड आहे. पण तसा करारनामा आजवर कोणा संशोधकाच्या हातीं लागलेला नाहीं. एवढें खरें कीं १९५० नंतर थोड्याच वर्षांत हा मासा या नदींतून नाहींसा झाला.

मध्यंतरीं नदीच्या कांठीं एक नवें जग उभें राहिलें होतें. डांबरापासून रंग काढण्याची विद्या साध्य होतांच १८६३ सालीं बायर व होख्स्ट आणि १८६५ सालीं बी. ए. एस. एफ. हे कारखाने निघाले. बाझल येथेंही रंगाचे मोठे कारखाने उभे राहिले. या धंद्यास दोन गोष्टी मुबलक लागतात: आंत घेण्यास स्वच्छ पाणी आणि बाहेर सोडण्यास वाहतें पाणी. ऱ्हाईननें दोन्ही दिल्या. आपल्या वाचकांस या कारखान्यांचा संबंध दूरचा वाटूं नये. बी. ए. एस. एफ. नें १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत आणली आणि बिहारमधील निळीची शेती उतरणीस लागली. मळेवाल्यांनीं आपला तोटा कुळांच्या माथीं मारण्यास आरंभ केला, आणि त्यांतून पुढें १९१७ सालचें चंपारण्याचें प्रकरण उद्भवलें. ऱ्हाईनच्या कांठीं लागलेल्या शोधाचा ताप गंडकीकांठच्या शेतकऱ्यास झाला. खुद्द ऱ्हाईनला काय झालें हें मोजण्याचें मात्र कोणाच्या मनांत आलें नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर उद्योगधंदे पुन्हां भरभराटीस आले, शहरें वाढलीं, आणि नदीची दशा झपाट्यानें बिघडली. सांडपाण्यांतील घाण कुजवितांना सूक्ष्म जंतु पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतात; १९७१ च्या सुमारास हा प्राणवायु इतका घटला कीं नदीच्या तळाशीं राहणाऱ्या किडे, शिंपले, गोगलगाई यांच्या बहुतेक जाती नष्ट झाल्या. त्यापूर्वीं, जून १९६९ मध्यें, एंडोसल्फान नांवाच्या कीटकनाशकानें लाखों मासे मेले आणि हॉलंडला नदीचें पाणी पिण्यासाठीं उचलणें थांबवावें लागलें. वरच्या राष्ट्रांनीं हळहळ व्यक्त केली. खालच्या राष्ट्राच्या हातीं हळहळीपलीकडे कांहीं आलें नाहीं.

हॉलंडचें हें दुबळेपण मिठाच्या तंट्यांत पुरतें उघडें पडलें. आल्सास प्रांतांत पोटॅशच्या खाणी होत्या. खत म्हणून पोटॅश काढून घेतल्यावर उरणारें मीठ फ्रान्सच्या या सरकारी खाणी नदींत लोटून देत. हें प्रमाण दिवसास दहा हजार टनांच्या घरांत जाई. हॉलंडांतील वेस्टलँड भागांत कांचेच्या घरांतून फुलें व भाज्या पिकविणारे बागाईतदार याच नदीचें पाणी रोपांस घालीत. खारें पाणी रोपांस मानवेना. तेव्हां एका बागाईतदार पेढीनें रॉटरडॅमच्या न्यायालयांत फ्रेंच खाणींवर फिर्याद लावली. खाणींचें म्हणणें असें कीं कृत्य फ्रान्समध्यें घडलें, तेव्हां न्यायही फ्रान्समध्येंच मागावा. प्रश्न युरोपीय न्यायालयापुढें गेला. ३० नोव्हेंबर १९७६ रोजीं त्यानें असा निर्णय दिला कीं जेथें अपकृत्य घडलें तेथें किंवा जेथें त्याचें नुकसान पोंचलें तेथें, दोहोंपैकीं कोठेंही दाद मागण्याचा फिर्यादीस अधिकार आहे. नदीच्या इतिहासांत ही तारीख आम्ही आगीच्या तारखेइतकीच मोठी मानतों. खालच्या माणसास स्वतःच्या गांवच्या न्यायाधीशापुढें उभें राहण्याची सोय त्या दिवशीं झाली.

राजकारणानें मात्र तीन दिवसांतच आपला निराळा न्याय केला. ३ डिसेंबर १९७६ रोजीं बॉन येथें राष्ट्राराष्ट्रांत मिठाविषयीं करार झाला. मीठ कमी करण्याचा खर्च कोणीं किती सोसावा याचें प्रमाण त्यांत ठरलें तें असें: फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३० टक्के, स्वित्झर्लंड ६ टक्के, आणि हॉलंड ३४ टक्के. ज्याच्या पिकांचें नुकसान झालें त्याचाच वाटा सर्वांत मोठा. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याची म्हण आपल्याकडची; पण तिचें असें आंकडेवारीनिशीं उदाहरण आपल्या इतिहासांतही सहसा सांपडणार नाहीं. करार अंमलांत येण्यास १९८५ साल लागलें. खाणी अखेर बंद झाल्या त्या २००२ सालीं, तेथील पोटॅश संपत आल्यावर. असो.

मीठ पाण्यांत विरघळतें आणि समुद्रास जाऊन मिळतें. तें येणें थांबलें कीं त्याची गोष्ट संपते. शिसें, जस्त, पारा, कॅड्मियम हे धातु आणि तेलकट स्वरूपाचीं कृत्रिम विषें यांची गोष्ट अशी संपत नाहीं. तीं पाण्यांत फार काळ राहत नाहींत. चिकणमातीच्या अतिसूक्ष्म कणांस चिकटून बसतात. गढूळ पाणी तांब्यांत रात्रभर ठेवावें, सकाळीं वरचें पाणी नितळ असतें आणि तळाशीं साका बसतो, नदीचेंही तेंच. जेथें प्रवाह मंदावतो, म्हणजे धरणाच्या मागें, वळणाच्या आंतल्या बाजूस आणि मुख्यतः समुद्रालगतच्या बंदरांत, तेथें हा साका बसतो. वरचें पाणी तपासून शास्त्रज्ञ नदी बरी आहे असें म्हणेल, आणि तळचा गाळ त्याच वेळीं तिच्या पोटांतील जुना रोग सांभाळीत असेल.

हा गाळ वाचण्याची विद्या सोपी नाहीं. वाळूच्या कणांस विष फारसें चिकटत नाहीं; म्हणून ज्या नमुन्यांत वाळू अधिक तो नमुना उगीचच निर्दोष दिसतो. दोन ठिकाणच्या गाळांची तुलना करावयाची तर प्रथम कण चाळून सारख्या बारकाईचे घ्यावे लागतात. पुढचा प्रश्न असा कीं धातु तर मूळ खडकांतही असतात. मग निसर्गाचे किती आणि कारखान्याचे किती? हायडेलबर्ग विद्यापीठांतील जर्मन म्युलर यांनीं (जर्मन हें त्यांचें नांव आहे, राष्ट्रीयत्व तर होतेंच) १९६९ सालीं यासाठीं एक मोजपट्टी सुचविली. शेलसारख्या चिकण खडकांत स्वभावतः जितका धातु असतो तो पाया धरून शून्यापासून सहापर्यंत वर्ग पाडावयाचे. प्रत्येक पायरीस प्रमाण दुप्पट, आणि सहावा वर्ग म्हणजे निसर्गाच्या सुमारें शंभरपट. तिसरा प्रश्न काळाचा. गाळ थरांवर थर असा बसतो; त्यांत अणुबाँबच्या चांचण्यांतून आलेल्या किरणोत्सर्गी सीझियमचा एक ठसा १९६३ च्या थरांत सांपडतो आणि चेर्नोबिलचा दुसरा १९८६ च्या थरांत. हे दोन ठसे सांपडले कीं मधल्या थरांचीं वर्षें मोजतां येतात. सालोमोन्स आणि डे ग्रोट या दोघां डच संशोधकांनीं १९७८ सालीं ऱ्हाईनच्या गाळांतील धातूंचा इतिहासच प्रसिद्ध केला. दप्तरखान्यांतील रुमाल सोडून बखरी वाचणारे संशोधक आपण पाहिले आहेत. हे संशोधक चिखलाचे रुमाल सोडीत होते, इतकाच भेद.

आतां रॉटरडॅमकडे वळूं. या बंदरांत जहाजें यावीं म्हणून दर वर्षीं दोन कोटी घनमीटरांच्या आसपास गाळ उपसावा लागे. त्यांतील बराचसा समुद्राकडून भरतीबरोबर येणारा व स्वच्छ. पण आंतल्या गोद्यांतला नदीनें आणून टाकलेला. डच मनुष्यास गाळ म्हणजे लक्ष्मी. समुद्रसपाटीखालच्या ज्या जमिनी बांध घालून त्यानें मिळविल्या, ज्यांस तो पोल्डर म्हणतो, त्यांवर हा काळा सुपीक गाळ पसरून तो त्या उंच करी, त्यांवर भाजीपाला लावी आणि पुढें घरेंही बांधी. १९७० नंतरच्या दशकांत या गाळाची नीट परीक्षा होतांच असें दिसून आलें कीं ही लक्ष्मी विषकन्या आहे. कॅड्मियम असलेल्या मातींतून तें भाज्यांत उतरतें आणि खाणाऱ्याच्या मूत्रपिंडांत वर्षानुवर्षें सांठत जातें. शेतकरी गाळ घेईनात. बंदरास तर गाळ उपसल्यावांचून एक वर्षही काढतां येईना. उपसावा तर टाकावा कोठें? न उपसावा तर जहाजें यावीं कशीं?

याच सुमारास दुसऱ्या एका ठिकाणीं जमिनीनेंही आपलें पोट उघडलें. ऱ्हाईनच्या लेक नांवाच्या फांट्यावर लेकरकेर्क हें गांव आहे. तेथें जुने चर भरून काढून त्यांवर नवी वसाहत उठविली होती. १९७८ सालीं तेथील पिण्याच्या पाण्याचा एक नळ फुटला. नळ प्लॅस्टिकचा होता, आणि जमिनींतील टोल्युईन व झायलीन या द्रव्यांनीं तो खाल्ला होता. चर भरतांना इमारतींच्या रोड्याबरोबर रासायनिक कचऱ्याचीं पिंपें पुरलीं गेलीं होतीं. १९८० सालीं सुमारें २७० कुटुंबांस घरें सोडावीं लागलीं. घरांच्या खालून माती खणून पिंपें काढलीं तीं १,६०० हून अधिक भरलीं. ज्या गृहिणीच्या स्वयंपाकघराच्या नळांतून हें विष झिरपत होतें, तिला त्याचा वास येई इतकेंच. नांव, प्रमाण, परिणाम यांपैकीं कांहीं ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

लेकरकेर्कनें सरकारास घाई करावयास लावलें. जमिनीच्या शुद्धीचा तात्पुरता कायदा १९८३ च्या आरंभीं अंमलांत आला व त्याबरोबर मातींतील द्रव्यांची एक यादी निघाली, ती पुढें जगभर ‘डच यादी’ म्हणून प्रसिद्ध झाली. प्रत्येक द्रव्यासमोर तीन आंकडे. पहिल्या आंकड्याच्या आंत असलेली जमीन निर्दोष. दुसरा ओलांडला तर अधिक तपास करावा. तिसरा ओलांडला तर शुद्धि केलीच पाहिजे. वैद्य नाडी पाहून जें मनांत ठरवितो तें या यादीनें कागदावर आणलें. यादीवर आक्षेपही पुष्कळ आले, व ते रास्त होते: वाळूच्या जमिनींत जें घातक तें चिकणमातींत तितकें घातक नसतें; खेळाच्या मैदानाची माती आणि गोदीखालची माती यांस एकच काटा लावणें बरोबर नाहीं. १९९४ सालीं हे आंकडे सुधारण्यांत आले. शिवाय यादी सांगते तेवढेंच, यादींत नसलेलें विष तिला दिसत नाहीं. २०१९ सालीं पी-फास या वर्गांतील द्रव्यांसाठीं हॉलंडनें किलोस ०.१ मायक्रोग्रॅम अशी कडक मर्यादा घातली, तेव्हां देशभर माती हलविण्याचें काम ठप्प झालें, ठेकेदार आपलीं अवजड यंत्रें घेऊन हेग शहरांत निदर्शनास आले, आणि वर्ष संपण्यापूर्वींच मर्यादा सैल करावी लागली. मोजमाप शास्त्राचें असलें तरी रेघ कोठें ओढावयाची हा प्रश्न समाजाचा असतो. तेथें शास्त्रज्ञाएवढाच ठेकेदारही बोलतो.

असो, आम्ही मूळ प्रश्नाकडे येतों. आपल्या दारांतील गाळ आपला नाहीं, हें रॉटरडॅमला कळून चुकलें होतें. पण तो कोणाचा? १९८४ सालीं या नगरानें नदीचें मूळ विचारण्याचें काम हातीं घेतलें. संशोधक प्रवाहाच्या उलट्या दिशेनें निघाले. कांठच्या कोणत्या कारखान्याच्या नळांतून कोणता धातु किती पडतो, तो किती अंतर जातो, कोणत्या गोदींत येऊन बसतो, याचा त्यांनीं नमुन्यानमुन्यानें माग काढला. एरवीं राष्ट्रें राष्ट्रांशीं बोलत. येथें एका बंदरानें परक्या देशांतील एकेका कारखान्यास नांवानिशीं पत्र लिहिलें, आणि त्याच्या सांडपाण्याचे आंकडे त्याच्यापुढें ठेवले. पत्राच्या पाठीमागें १९७६ सालचा न्यायालयाचा निर्णय उभा होता: प्रेमानें ऐकलें नाहीं, तर रॉटरडॅमच्याच न्यायालयांत भेटूं.

हें चालू असतांनाच ती सुप्रसिद्ध आग लागली. १ नोव्हेंबर १९८६ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळानें बाझलजवळ श्वाइत्सरहाल येथें सँडोज कंपनीचें कोठार पेटलें. त्यांत १,३५१ टन रासायनिक द्रव्यें होतीं, बहुतेक कीटकनाशकें. भोंगे वाजले, खिडक्या बंद करून घरांतच बसा अशी नागरिकांस सूचना झाली, चेर्नोबिलला तेव्हां जेमतेम सहा महिने झाले होते, तेव्हां लोकांच्या मनाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी. आग विझविण्यास मारलेलें हजारों घनमीटर पाणी तीस टनांपर्यंत विष घेऊन नदींत उतरलें. त्यांत एक तांबडा रंगही होता, त्यामुळें नदी रक्तासारखी लाल झाली. लोरेलाइच्या कड्यापर्यंत, म्हणजे सुमारें ४०० किलोमीटर, वाम मासे तडफडून मेले. त्यांची संख्या दीड लाख धरतात.

या आगीचा विलक्षण भाग असा कीं विषाच्या दृष्टीनें ती नदीची सर्वांत मोठी शत्रु नव्हती. तें विष एका लोटांत येऊन समुद्रास गेलें, आणि थोड्याच वर्षांत तळचे प्राणी पुन्हां दिसूं लागले. पण लाल पाणी सर्वांस दिसलें, आणि राखाडी गाळ कोणास दिसत नसे. आगीनंतरच्या दिवसांत तपासनिसांची नजर नदीवर खिळली, तों इतर कारखान्यांतूनही द्रव्यें सांडत असल्याचें उघडकीस आलें. तीं आधीं सांडत नव्हतीं असें कोण म्हणेल?

मंत्र्यांची बैठक बारा दिवसांच्या आंत झुरिक येथें भरली. १ ऑक्टोबर १९८७ रोजीं स्ट्रासबुर्ग येथें ऱ्हाईनसाठीं कृति-कार्यक्रम मंजूर झाला. त्याचीं कलमें नीट वाचलीं तर रॉटरडॅमचें हस्ताक्षर ओळखूं येतें. सॅमन मासा २००० सालापर्यंत परत यावा. नदीचें पाणी पिण्यास वापरतां यावें. आणि गाळ असा असावा कीं तो जमिनीवर पसरतां किंवा समुद्रांत टाकतां यावा. घातक द्रव्यें १९९५ पर्यंत निम्म्यानें घटवावयाचीं ठरलीं. बहुतेकांच्या बाबतींत ही घट मुदतीपूर्वींच साधली. मिठाच्या करारास नऊ वर्षें मुहूर्त लागला नव्हता, आणि कायद्यानें बंधनकारक नसलेला हा कार्यक्रम कांहीं वर्षांत पार पडला, यांत आगीच्या धाकाचा वाटा निःसंशय मोठा आहे. परंतु प्रत्येक द्रव्य कोठून येतें हें आधींच ठाऊक नसतें, तर धाकानें काय साधलें असतें? १९८८ सालीं जर्मनीचे पर्यावरणमंत्री क्लाऊस टोप्फर यांनीं नदी सुधारल्याचें दाखविण्यासाठीं तींत उडी मारून पोहून दाखविलें. अंगांत पाणबुड्याचा वेष होता! जनतेनें काय तो अर्थ घेतला असेल.

१९९१ सालीं जर्मनींतील रासायनिक उद्योगांच्या संघाशीं रॉटरडॅमचा करार झाला: उद्योगांनीं ठराविक धातु व द्रव्यें घटवावीं, बंदरानें तोंवर फिर्याद लावूं नये. उपसलेला विषारी गाळ ठेवण्यासाठीं बंदरानें समुद्राच्या कडेला स्लुफ्टर नांवाचा प्रचंड खड्डा बांध घालून तयार केला, तो १९८७ सालीं वापरांत आला. त्यांत पंधरा कोटी घनमीटर गाळ मावतो. वरून येणारा गाळ सुधारत गेल्यामुळें हा खड्डा मूळ अंदाजाहून फारच सावकाश भरला. इंजिनियराचा अंदाज चुकल्याचा आनंद व्हावा, असे प्रसंग थोडे.

मासा परतला का? १९९० सालीं सीग या उपनदींत समुद्राहून परतलेला सॅमन पुन्हां सांपडला. पुढें वरच्या ऱ्हाईनवरील धरणांस माशांसाठीं पायऱ्या बांधणें सुरू झालें: इफेझहाइम २०००, गाम्ब्सहाइम २००६, स्ट्रासबुर्ग २०१६, गेर्स्टहाइम २०१९. मुखाशीं हारिंगव्हलीटचे दरवाजे १९७० सालापासून समुद्रास बंद होते, ते नोव्हेंबर २०१८ पासून थोडे किलकिले ठेवण्यांत येऊं लागले. १९९३ व १९९५ च्या पुरांनीं आणखी एक धडा दिला. १९९५ सालीं हॉलंडांत सुमारें अडीच लाख लोकांस घरें सोडून जावें लागलें होतें. तेव्हां बांध आणखी उंच करण्याऐवजीं तीसांहून अधिक ठिकाणीं नदीस मोकळी जागा देण्याचें काम डच सरकारनें केलें. टुल्लानें जें घेतलें त्यांतील थोडेंसें त्याच्याच विद्येच्या वारसांनीं परत दिलें.

पण जुना गाळ अजून आहे. बाझलच्या वरच्या अंगास ऱ्हाईनफेल्डेन येथें एका रासायनिक कारखान्यांतून हेक्साक्लोरोबेंझीन हें विष नदींत पडे. पडणें बंद होऊन दशकें लोटलीं; तें मात्र खालच्या धरणांच्या मागें चिखलांत निजलें आहे, आणि मोठा पूर आला कीं जागें होऊन एका धरणामागून दुसऱ्या धरणामागें सरकतें. नदीमंडळानें २००९ सालीं गाळाची योजना केली, तींत अशीं बावीस धोक्याचीं ठिकाणें नोंदलीं. तीं उपसावीं तर उपसतांनाच विष ढवळून निघतें. न उपसावीं तर पुढचा पूर तें उपसतो. शिवाय धरणाचे दरवाजे व जलमार्ग चालू ठेवावयाचे तर कांहीं गाळ काढावा लागतोच, आणि तो नदींतच खालीं सोडणें सर्वांत स्वस्त पडतें. तसा प्रस्ताव वर निघाला कीं सीमेवरील लोबिथच्या तपासणी-ठाण्यांत आणि रॉटरडॅमच्या कचेऱ्यांत तो काळजीपूर्वक वाचला जातो, आणि किती घनमीटर, कोणत्या धरणामागचा व किलोस किती मायक्रोग्रॅमचा, हे तीन प्रश्न खालून वर विचारले जातात.